भाडेकरूच्या वाट्याचे आकाश

चाकणची औद्योगिक वसाहत वाढत गेली तसतशी खेड तालुक्यातील ज्या गावांची शिवारे कारखान्यांच्या कुंपणाआड गेली आणि ज्यांच्या गावठाणाभोवती भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, त्यांत इंद्रायणीकाठच्या निघोजे गावाचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. महिंद्राचा मोटारींचा विस्तीर्ण कारखाना याच गावच्या हद्दीत. त्याच्या आणि त्यास सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांच्या पाळ्यांवर मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि त्यापलीकडे बिहार-उत्तर प्रदेश येथून आलेली माणसे येथल्या खोल्यांत दिवस काढतात. भाडेकरार अकरा महिन्यांचा, नोकरीचे कंत्राट पुष्कळदा त्याहूनही अल्प मुदतीचे, आणि एक कंपनी सुटली की म्हाळुंगे, कुरुळी किंवा मोई येथे नवी खोली पाहणे क्रमप्राप्त; त्यामुळे जी वस्तू एका छोट्या टेम्पोत मावत नाही ती अशा संसारात टिकत नाही. पाच किलोची गॅसची टाकी, गादीची वळकटी, टेबलपंखा, दोन बादल्या, देवाची तसबीर आणि खिशातला मोबाइल, एवढ्या सरंजामावर येथे बिऱ्हाड थाटले जाते.

या सरंजामात एके काळी हमखास असणारी आणि आता क्वचितच दिसणारी वस्तू म्हणजे ट्रान्झिस्टर, आणि त्याच्यामागून आलेला, पाठीला मूठ असलेला चौदा इंची दूरचित्रवाणी संच. या दोन उचलत्या पेट्या खोलीत मांडणे, त्यांची एरिअल लावणे आणि त्यांतून आवाज व चित्र मिळवणे हा विषय कोणास क्षुल्लक वाटेल, कोणास गतकालाच्या गोंजारणीचा वाटेल. माझे म्हणणे वेगळे आहे. स्वतःचे छप्पर नसलेल्या, पत्ता वारंवार बदलणाऱ्या माणसास कोणाचीही परवानगी न घेता, कोणतेही खाते न उघडता आणि दरमहा कोणाचे देणे न देता जी बातमी, जे गाणे आणि जो धोक्याचा इशारा मिळू शकतो, तो मिळत राहील अशी तजवीज करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. आणि गेल्या काही वर्षांत सरकारने, फारसा गाजावाजा न होऊ देता, त्या कर्तव्यातून अंग काढून घेण्यास आरंभ केला आहे.

आकाशातून येणाऱ्या ध्वनीवर सरकारचा मालकीहक्क चालतो, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९२७च्या जुलै महिन्यात इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले तेव्हा रेडिओ बाळगणाऱ्यास दरसाल दहा रुपयांचा परवाना काढावा लागे, आणि १९३३च्या बिनतारी कायद्याने तर विनापरवाना संच बाळगणे हाच गुन्हा ठरवला. हा शिरस्ता स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. टपाल कचेरीत रांग लावून, परवान्याच्या पुस्तिकेवर तिकिटे चिकटवून व शिक्का मारून घ्यावयाचा, आणि निरीक्षक आलाच तर ती पुस्तिका पुढे करावयाची, ही दरसालची उठाठेव आज साठीपुढे असलेल्या कोणत्याही वाचकास आठवत असेल. परकीय सरकारास या लहरींची भीती वाटे, आणि तिला कारणही होते: १९४२च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जे गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र चालवले, ते जागा बदलत, पोलिसांना हुलकावणी देत नोव्हेंबरपर्यंत बोलत राहिले, कारण त्याची यंत्रसामग्री एका घरातून दुसऱ्या घरात उचलून नेता येत होती. स्वराज्यात ही भीती उरण्याचे कारण नव्हते, तरी श्रोत्यांच्या माथ्यावरचा परवाना पूर्णपणे जाण्यास १९८५ साल उजाडले. त्या निर्णयाचे महत्त्व आपण पुरेसे ओळखले नाही असे मला वाटते. श्रोता आणि आकाश यांच्यामध्ये उभा असलेला कारकून त्या दिवशी बाजूला झाला.

परवाना गेला त्याच्या पुष्कळ आधी रेडिओ हलका झाला होता. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले, तेव्हा रेडिओ म्हणजे दिवाणखान्यातील लाकडी कपाटवजा वस्तू. भिंतीच्या या टोकाच्या खिळ्यापासून त्या टोकाच्या खिळ्यापर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली, आणि दिवा पेटावा तशी काचेची तबकडी हळूहळू उजळेपर्यंत घरातील माणसे स्तब्ध बसलेली. १ एप्रिल १९५५पासून पुढे वर्षभर ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण याच केंद्रावरून दर आठवड्यास ऐकू येऊ लागले, तेव्हा ज्यांच्या घरी हे कपाट होते त्यांच्या ओसरीवर शेजारीपाजारी जमत, कारण ते सर्वांच्या घरी नव्हते. अमेरिकेत १९५४ साली पहिला ट्रान्झिस्टर संच विक्रीस आला. पुढील पंधरा-वीस वर्षांत हे यंत्र शेताच्या बांधावर, गुराख्याच्या काखेत, एस. टी.च्या चालकामागच्या कप्प्यात आणि गिरणगावातील खानावळीच्या फळीवर जाऊन पोहोचले. चार सेल घातले की काम भागले. सेल मंदावले की ते दुपारच्या उन्हात छपरावर ठेवून त्यांतून आणखी दोन दिवसांचे आयुष्य काढणारी माणसे आमच्या भागातही होती. आणि त्या दोन दिवसांत बाजारभाव, पावसाचा अंदाज आणि कीर्तन ऐकून होई.

दूरचित्रवाणीचे प्रकरण जरा अधिक किचकट होते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावर उभ्या केलेल्या मनोऱ्यातून त्याचे कार्यक्रम पुणे परिसरास मिळू लागले. निघोजे येथून सिंहगड जवळजवळ थेट दक्षिणेस, चाळीसेक किलोमीटरवर. तेव्हा या टापूतील प्रत्येक छपरावरची ॲल्युमिनियमची एरिअल दक्षिणेकडे तोंड करून उभी असे, आणि एखाद्या कावळ्याने तिच्या दांड्यावर बैठक मारली की खाली पडद्यावर मुंग्या येत. मग एकाने पत्र्यावर चढून बांबू फिरवावयाचा, दुसऱ्याने दारात उभे राहावयाचे, तिसऱ्याने आतून ‘आलं, आलं, गेलं, थांब’ अशी वर्दी द्यावयाची. लहान संचाचे वैशिष्ट्य असे की त्याला डोक्यावर स्वतःच्या दोन काड्या असत आणि मागे बारा व्होल्टचे टोक असे. १९८७च्या जानेवारीत रामानंद सागरांची रामायण मालिका सुरू झाली तेव्हा वीज नसलेल्या किंवा ऐन वेळी गेलेल्या खेड्यांत ट्रॅक्टरची बॅटरी काढून ओट्यावर आणून तिला संच जोडला जाई, आणि रविवारी सकाळी अख्खी आळी त्या चौदा इंचांपुढे मांडी घालून बसे. वीज मंडळाचा मीटर नाही, घरमालकाची मुभा नाही, केबलवाल्याची पावती नाही. एक बॅटरी आणि दोन काड्या एवढ्यावर दिल्ली-मुंबई ओट्यावर येत असे.

ते दार आता बंद झाले आहे. सामरिक महत्त्वाची थोडी केंद्रे वगळून देशभरातील जुन्या पद्धतीचे भूप्रक्षेपण २०२२च्या मार्चपर्यंत थांबवावयाचे असे प्रसार भारतीने ठरवले आणि ते अमलातही आणले. कारण सांगितले गेले ते असे की हे तंत्र कालबाह्य झाले आहे, प्रेक्षक उरलेले नाहीत आणि अडकलेल्या लहरी इतर कामी येतील. ही कारणे खोटी नाहीत. जुन्या मनोऱ्यांच्या विजेचे बिल कोणी भरावे, हा प्रश्नही रास्त आहे. परंतु त्याच्या जागी अंकीय पद्धतीचे भूप्रक्षेपण, की ज्यात पुन्हा एक साधी एरिअल लावून विनामूल्य चित्र मिळाले असते, ते २०१६ साली निवडक शहरांत सुरू करून पुढे जवळजवळ वाऱ्यावर सोडून दिले गेले. आणि त्याचा परिणाम असा की ज्या संचास स्वतःची काडी होती तो संच मुका आणि आंधळा झाला. आज निघोज्यातील खोलीत कोणी जुना चौदा इंची संच आणून मांडला, तर त्याच्या काड्या कोणत्याही दिशेस फिरवल्या तरी हाती फक्त मुंग्या लागतील.

याला पर्याय आहे आणि तो वाईट नाही. २००४च्या डिसेंबरपासून प्रसार भारतीची उपग्रहावरून येणारी विनामूल्य सेवा चालू आहे, डी. डी. फ्री डिश या नावाने ती सर्वांस ठाऊक आहे, आणि सह्याद्री वाहिनीसह अनेक वाहिन्या तीत मासिक शुल्काविना मिळतात. ती मांडण्याची रीत मी येथे मुद्दाम सविस्तर देतो, कारण तिच्यातच भाडेकरूची खरी अडचण दडलेली आहे. थाळी आमच्या टापूतून आग्नेयेस रोखावी लागते, आणि उपग्रह क्षितिजापासून साठ अंशांहून किंचित कमी उंचीवर असतो; पण थाळीकडे पाहून ती एवढी वर पाहत आहे असे वाटत नाही, कारण तिची बैठकच तिरकस बनवलेली असते, आणि नवखा माणूस ती अंदाजाने आणखी वर उचलून तासभर व्यर्थ खटाटोप करतो. आधी नळीचा खांब ओळंब्यात उभा आहे ना ते पाहावे, मग थाळी डावी-उजवी इतक्या सावकाश फिरवावी की अर्ध्या बोटाच्या हालचालीस पाच-सात सेकंद लागावेत, कारण थाळी आणि पडदा यांच्यामध्ये जोडलेल्या पेटीला संकेत ओळखण्यास वेळ लागतो. चित्र आले की बोल्ट घट्ट आवळावे आणि तारेच्या जोडावर पाणी उतरू नये म्हणून चिकटपट्टी गुंडाळावी. हे काम अर्ध्या दिवसात कोणालाही जमते. जमत नाही ते इतकेच की थाळी मांडावयाची कोठे? खोली भाड्याची, गच्ची मालकाची, आणि स्लॅबला छिद्र पाडले तर गळती होईल ही मालकाची तक्रार सकारण. एका खोलीमालकाने तर सरसकट हुकूमच काढलेला मी पाहिला आहे की गच्चीवर थाळी दिसली तर अनामत रकमेतून पैसे कापून घेतले जातील.

वास्तविक छिद्राची आवश्यकताच नाही. रंगाच्या रिकाम्या डब्यात काँक्रीट भरून त्यात नळी रोवली की थाळी कोपऱ्यात कोठेही उभी राहते, आणि बिऱ्हाड हलवताना डब्यासकट उचलता येते. एका थाळीच्या तोंडाशी चार वाटांचा ग्राहक बसवला तर चार खोल्यांना चार स्वतंत्र तारा जातात. बहुतेक पेट्या बारा व्होल्टवर चालतात आणि बाजारात बारा व्होल्टचे लहान पडदेही मिळतात, म्हणजे ट्रॅक्टरच्या बॅटरीची जुनी युक्ती अजून जिवंत आहे. ग्रामपंचायतीने मनात आणले तर खोल्यांच्या बांधकामास नाहरकत देताना दर दहा खोल्यांमागे गच्चीवर एक सामायिक थाळी आणि भिंतीतून तारांची वाट असावी अशी अट घालण्यास किती शाई लागेल?

येथे हमखास विचारला जाणारा प्रश्न असा की हे सर्व मोबाइलमध्ये असताना हा खटाटोप कशासाठी. प्रश्न विचारणाऱ्याच्या घरी बहुधा माणशी एक मोबाइल असतो. खोलीतल्या संसारात चांगला मोबाइल बहुधा एकच, आणि तो पाळीवर जाणाऱ्या माणसाबरोबर कारखान्याच्या फाटकापर्यंत जातो. मागे राहतात पत्नी आणि मुले. २०२०च्या टाळेबंदीत शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी टिलीमिली ही मालिका लागली, आणि नागपूर आकाशवाणीने शाळेबाहेरची शाळा चालवली. ज्या खोलीत पेटी होती त्या खोलीतील मुलास त्या काळात निदान काही तरी मिळाले. ज्या खोलीत नुसता बापाचा मोबाइल होता तेथे बाप घरी येईपर्यंत शाळा भरत नव्हती. शिवाय मोबाइलचा रिचार्ज ही जुन्या परवान्याचीच सुधारलेली आवृत्ती होय, आणि परवाना निदान वर्षातून एकदा काढावा लागे.

रेडिओची गोष्ट अजून हातची गेलेली नाही, म्हणून तिच्याविषयी अधिक आग्रहाने लिहितो. पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला आणि विविध भारती एफ. एम.वर १०१ मेगाहर्ट्झला ऐकावयाची या भागाची जुनी सवय. मध्यम लहरींचे क्षेपण हडपसरहून होते. ते ठिकाण निघोजे येथून आग्नेय-दक्षिणेस, म्हणजे साधारणतः फ्री डिशची थाळी जिकडे पाहते त्याच अंगास आहे. ट्रान्झिस्टरचे मागचे झाकण काढून पाहिले तर वरच्या कडेला तांब्याच्या तारेची गुंडाळी असलेली फेराइटची काळी कांडी दिसते. मध्यम लहरींपुरती तीच एरिअल, बाहेरची चकचकीत काडी एफ. एम.साठी. ही कांडी ज्या दिशेस टोक करून असते तिकडचा आवाज क्षीण होतो, आणि ती आडवी पाठ देऊन असली की भरदार येतो. म्हणून हडपसरचा आवाज हवा असेल तर पेटीचे तोंड किंवा पाठ आग्नेयेकडे करावी, कुशी नव्हे. पत्र्याच्या खोलीत पत्राच लहरी अडवतो, तेव्हा पेटी खिडकीत किंवा उंबऱ्याशी ठेवावी. आणि खरखर फार येत असेल तर आकाशवाणीस दोष देण्यापूर्वी मोबाइलचा चार्जर भिंतीतून काढून पाहावा. स्वस्त चार्जर आणि स्वस्त एल. ई. डी. दिवे मध्यम लहरींचे वैरी आहेत, आणि त्याच कारणाने मध्यम लहरी ऐकताना विजेच्या जोडणीपेक्षा सेल केव्हाही बरे.

सेलचा आणखी एक उपयोग आमच्या पट्ट्यास विशेष लागू पडतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरात गुरुवार हा कारखान्यांचा सुटीचा वार, आणि म्हणूनच वीज कंपनीच्या दुरुस्तीचाही वार. ज्या एका दिवशी कामगार घरी असतो नेमक्या त्याच दिवशी खोलीतला पंखा बंद, वायफाय बंद, आणि दुपारपर्यंत मोबाइलची बॅटरीही उताराला लागलेली. ही नित्याची, निरुपद्रवी गैरसोय झाली. महापुरात किंवा वादळात हीच स्थिती दोन-चार दिवस टिकते, मोबाइलच्या मनोऱ्यांच्या बॅटऱ्या संपतात, आणि मग जिल्हा प्रशासनाने सोडलेला इशारा वाचावयाचा कोणी? रसायने व वायू हाताळणाऱ्या कारखान्यांच्या सावलीत राहणाऱ्या वस्तीस हा प्रश्न कोरा तात्त्विक वाटू नये. केंद्र सरकारलाही तो पटलेला दिसतो. २०२३च्या एप्रिलमध्ये मोबाइल उत्पादकांस सूचना गेली की यंत्रात एफ. एम. ग्रहणाची सोय असेल तर ती निष्क्रिय करू नये, आणि त्यात आपत्तीचे कारण स्पष्ट नमूद होते. सूचनाच ती, हुकूम नव्हे. इंटरनेटवाचून मोबाइलवर थेट प्रक्षेपण करण्याचे प्रयोग बंगळूर व दिल्लीत झाले आहेत, आणि ते यशस्वी होऊन येथवर पोहोचले तर त्यांचे स्वागतच करावे. पण नवे घर बांधून होईपर्यंत जुन्या घराचे वासे काढू नयेत, एवढी व्यवहारबुद्धी सरकारी दप्तरात असावयास हरकत नाही.

दुर्दैवाने वासे काढण्याची हौस दिसते. २०२३च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपवण्याचा निर्णय झाला होता. लोकांनी आणि लोकप्रतिनिधींनी आवाज उठवल्यावर त्यास स्थगिती मिळाली. त्या वेळी पुण्याच्या पेठांतील आणि साहित्यसंस्थांतील मंडळी पुढे आली हे योग्यच झाले, मात्र औद्योगिक पट्ट्यातील कामगार संघटना आणि ग्रामपंचायती त्या प्रसंगी बोलत्या झालेल्या मला तरी आढळल्या नाहीत. वास्तविक त्या बातमीपत्राची गरज कोणास अधिक? इंद्रायणीला पाणी किती सोडले, चाकण चौकातील वाहतूक कोठून वळवली, कोणत्या भागात वीज नाही, हे मोबाइलवर इंग्रजी-हिंदीच्या गर्दीतून शोधून काढण्याइतकी सवड पाळीवरून आलेल्या माणसाजवळ नसते.

माझ्या मते मध्यम लहरींचे पुणे क्षेपण पूर्ण शक्तीने चालू ठेवणे ही पहिली मागणी, आणि तिच्याबरोबर या पट्ट्यासाठी स्वतंत्र सामुदायिक रेडिओ ही दुसरी. २००६च्या धोरणानुसार शंभर वॅटपर्यंत शक्तीचे असे केंद्र नफा न कमावणारी नोंदणीकृत संस्था किंवा शैक्षणिक संस्था चालवू शकते. त्याचा आवाज आठ-दहा किलोमीटर सहज जातो, म्हणजे निघोजे, म्हाळुंगे, कुरुळी, मोई आणि चाकण एका कवेत येतात. साताऱ्यातील म्हसवडसारख्या दुष्काळी गावात माणदेशी तरंग वाहिनी चालू शकते, तर ज्या परिसरात २०१३च्या कंपनी कायद्याखाली सामाजिक दायित्वाचा निधी खर्च करण्यास कारखानदारांना प्रकल्प शोधावे लागतात, तेथे ती का चालू नये? अशा केंद्रास स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, आकाशवाणीच्या बातम्याच पुनःप्रक्षेपित कराव्या लागतात, ही अट मला अनाकलनीय वाटते आणि ती जावी. तोवर रस्ता, पाणी, हवामान, कामगार कायद्याची माहिती, मराठी शिकू इच्छिणाऱ्या परप्रांतीयास रोजची दहा वाक्ये आणि रात्रपाळीच्या माणसास पहाटेचे भजन, एवढे देण्यास तिची आडकाठी होत नाही.

तूर्त ज्यास आपल्या खोलीत पेटी आणावयाची असेल त्याने दुकानदारास ती सुरू करून दाखवावयास सांगावे आणि तबकडीवर एम. डब्ल्यू. ही अक्षरे आहेत ना ते पाहावे. चाकणच्या बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ स्वस्त पेट्यांत पेन ड्राइव्ह, ब्लूटूथ आणि रंगीबेरंगी दिवे सर्व असतात, रेडिओ म्हणून केवळ एफ. एम. असते, आणि विक्रेता मध्यम लहरींचे नाव काढताच ‘ते आता कोण ऐकतं’ असे सांगतो. त्याच्याकडे नसेल तर दुसरे दुकान पाहावे.